‘झोपमोड’चं कव्हर

३ फेब्रुवारी, मंगळवार

लेकीला तिच्या कव्हरबद्दल एक मत दिलं. फुकट! त्याची खरी किंमत: तिचा अबोला, हिचा टोमणा आणि गार झालेला चहा. मत एवढंच होतं — गाण्यांच्या अल्बमवर उशीचं चित्र कशाला? गादीचं दुकान काढलंय का?

कॉलेजचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट. गाणी लेकीची आणि तिच्या मित्रांची, कव्हर त्यांचंच, छपाई माझ्या खोक्यांच्या कारखान्यात. नाव ‘झोपमोड’. घरातल्याच आवाजांवर गाणी बांधलीत म्हणे — नळ, बिजागरी, मिक्सर. मी म्हटलं, सोनेरी अक्षरं टाकू, उठावाची! “बाबा, तू बुटांचे खोके कर.”

वर ही म्हणते, “अहो, रात्रभर घोरत होतात.” मी घोरत नाही! मशीनचा पट्टा जरा सैल झाला की मला केबिनमध्ये कळतं. स्वतःच्या नाकातला आवाज कळणार नाही?

५ फेब्रुवारी, गुरुवार

लेकीने नमुना दाखवला. पाकीट उशीच्या अभ्र्यासारखं, एका बाजूने उघडं. आत सीडी सरकवायची.

“आता सीडी ऐकतं कोण?”

“परीक्षक.”

हातात घेऊन उलटं धरलं — सीडी थेट माझ्या पायाच्या अंगठ्यावर! मग राहवेना. डिंकाचा ब्रश हातात धरून या धंद्यात आलोय मी. तोंडाशी आत दुमडणारी जीभ दिली, चिकटवायची रेघ जरा आत घेतली. आता हलवा, झटका, आपटा — सीडी जागची हलत नाही. लेक हसली. “बाबा, भारी!” सोनेरी अक्षरांचा विषय मोठ्या मनाने सोडला. तूर्तास.

७ फेब्रुवारी, शनिवार

लेक आणि तिचा ड्रमवाला मित्र (उंची बघून आम्ही त्याला बांबू म्हणतो) शेवटचं गाणं ऐकत होते. मी दाराशीच थबकलो. सगळ्या गाण्याखाली एक वाद्य — जाड, खर्जातलं. चढतं, थांबतं, आता संपलं म्हणावं तोच खालून पुन्हा उचलतं. वा! आत जाऊन विचारलं, कोण वाजवतं हे?

बांबू म्हणाला, “काका, फार जुना रियाज आहे त्यांचा.”

“रोजचा?”

“एक रात्र चुकवत नाहीत.”

दिसतंच, म्हटलं. असा दम मुरायला वर्षं लागतात. एकदा घरी बोलवा त्यांना. लेकीला ठसका लागला. ही पाणी आणायला म्हणून गेली ती आलीच नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

लेकीचं तोंड उतरलेलं. सरांनी बजावलंय — ज्याचा आवाज, त्याचं नाव कव्हरच्या मागे छापा आणि छापायला त्याची सही घ्या. नाहीतर प्रोजेक्ट परत, वर्ष गेलं! एकच सही राहिलीय. खर्जवाल्याची.

“त्याला न सांगताच रेकॉर्ड केलंय, बाबा. चिडला तर?”

“समोर जा, कागद पुढे ठेव. एवढा मोठा कलाकार, चिडेल कशाला? आणि नाव ठळक छाप. मान द्यावा माणसाला.”

“नक्की?”

“माझा शब्द!”

ही म्हणाली, “लक्षात ठेवा हं.”

११ फेब्रुवारी, बुधवार

कव्हरचं प्रूफ लेक स्वतः केबिनमध्ये घेऊन आली. “बाबा, मागची बाजू नीट वाच. मग सही कर.”

वाच म्हणे! मला! चष्मा घरी राहिला होता, पण ते तिला कशाला सांगा? उशीचा निळा बघितला, घडी बघितली, सही ठोकली.

“वाचलंस ना? शपथ?”

“अगं, माझ्या नजरेतून अक्षर सुटत नाही!”

दारापाशी जाऊन पुन्हा वळून बघितलं तिने. मग एकदम पळाली.

सोनेरी अक्षरांचं राहूनच गेलं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

लेक पास! सरांना जीभ फार आवडली म्हणे. पाकिटाची.

एक प्रत माझ्यासाठी घरी आणलीय. चष्मा लावून मागची बाजू वाचली. सगळ्यांत खाली, सगळ्यांत ठळक: ‘खर्ज — बाबा.’

मी घोरतो.