विनाठराव दुरुस्ती

॥ श्री ॥

वाघदरा, ता. पाटोदा
दि. ८ फेब्रुवारी १९८७

चि. भारत यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझं संक्रांतीचं पत्र मिळालं. तीन ओळींत तू तिळगूळही उरकलास आणि ख्यालीखुशालीही. परळीच्या वीज केंद्रात फिटर लोकांना शाई रेशनवर मिळते की काय, ते कळव.

इकडे पाण्याचे हाल आहेत. टँकर एक दिवसाआड येतो आणि येताना निम्मा रस्ता धुळीत उडवून आणतो. रानात काही उरलं नाही. आता गावात जे काही येतं ते दुधाचंच. आमची चंद्री म्हैस वाळका कडबा खाऊन का होईना, दोन्ही वेळा दूध देते. शेजारच्या भिमाबाईचं आणि छबुबाईचंही घर म्हशीवरच चाललंय. सगळ्यांचं दूध सोसायटीच्या जीपमधून पाटोद्याच्या शीतकेंद्रावर जातं, आणि नेमकी ती जीपच रुसून बसली आहे.

ड्रायव्हर शहादेव ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवर गेला. तेव्हापासून सोसायटीचे चेअरमन म्हणजे तुझे दाजी स्वतःच जीप चालवतात. ती घाटात खोकते, धापा टाकते आणि मधेच उभी राहते. उन्हात दूध दोनदा नासलं आणि केंद्रानं परत पाठवलं. तिसऱ्यांदा नासलं तर आपल्या गावाचं दूध बंद, असं तिथल्या साहेबांनी बजावलंय. तसं झालं तर चंद्रीला बाजार दाखवावा लागेल.

पाटोद्याचा मिस्त्री कार्बोरेटर धुऊन देतो. दोन दिवस बरी चालते, मग पुन्हा पहिले पाढे. दाजी म्हणतात पेट्रोलमध्ये भेसळ आहे. बबनराव डायरेक्टर म्हणतात चालवणाऱ्यात भेसळ आहे. तू दाजींना चार ओळी लिही. मी सांगितलं म्हणून लिहितोस असं मात्र दाखवू नकोस, त्यांना राग येतो.

तब्येतीला जप. दुधात पाणी घातलं तर चालेल, पण अक्कावरच्या मायेत घालू नकोस.

तुझी,
अक्का

---

॥ श्री ॥

परळी वैजनाथ
दि. १४ फेब्रुवारी १९८७

ति. दाजींस भारतचा शि. सा. न. वि. वि.

पत्र सहजच लिहीत आहे. अक्कानं मला काहीही कळवलेलं नाही. आपली जीप घाटात खोकते आणि कार्बोरेटर धुतला की दोन दिवस बरी चालते, हे मला स्वप्नात दिसलं.

स्वप्नात असंही दिसलं, की आपण दर आठवड्याला हवेची गाळणी धुता आणि तिच्यात नवं तेल भरता. इतकी निगा मी कुणाच्या देवघराचीही पाहिली नाही. पण दाजी, गाळलेली हवा पुढं एका वळ्यावळ्यांच्या रबरी पाइपातून कार्बोरेटरकडे जाते. तो पाइपच तडकला असेल, तर धूळ गाळणीला वळसा घालून सरळ आत शिरते. दाराला कुलूप आणि भिंतीला भगदाड, अशातली गत. आपली जीप मिलिटरीच्या लिलावातली, त्यात रोज टँकरच्या मागं चालते. कार्बोरेटर किती वेळा धुणार?

पाइप काढा आणि कार्बोरेटरकडच्या तोंडात बोट फिरवा. बोटाला धूळ लागली तर पाइप फाटला असं समजा. मग तो वाकवून, वळ्या उघडून, खालच्या बाजूनं बघा. जुनं रबर तिथंच तडकतं, आणि पाइप सरळ धरला की तडा मिटून बसतो. मी इकडे नवा पाइप शोधतो. तोवर सायकलची जुनी ट्यूब चिरून पट्टी काढा. पाइप पुसून कोरडा करा आणि पट्टी ताणून गुंडाळा, एक वेढा दुसऱ्यावर अर्धा चढवून. वरून घट्ट बांधा. आणि त्याआधी कार्बोरेटर एकदा शेवटचा धुऊन घ्या.

अक्कास सा. न. सांगावा. रागावला असाल तर पुढच्या पत्रात रागवा, म्हणजे पत्र तरी येईल.

आपला,
भारत

---

॥ श्री ॥

वाघदरा
दि. २२ फेब्रुवारी १९८७

चि. भारत यास सुंदररावचे आशीर्वाद.

वि. वि. तुझं स्वप्न खरं निघालं. बोटाला पिठासारखी धूळ लागली. पाइपच्या पोटाखाली, वळीच्या आत बोटभर तडा आहे. तो मिस्त्रीला दिसला नाही म्हणून मलाही दिसला नाही. मिस्त्रीच्या पुढं जाणं बरं दिसत नाही.

परंतु दुरुस्तीला अडचण आहे. जीप सोसायटीची आहे आणि ठरावाशिवाय तिला हात लावायचा नाही, असा आमचा नियम आहे. ठरावाला सात डायरेक्टरांपैकी पाच लागतात. चार जण ऊसतोडीचे मुकादम आहेत, ते टोळ्या घेऊन कारखान्यांवर गेलेत. राहिलो मी, बबनराव आणि धोंडीराम. गेल्या साली बबनरावांनी ठरावाशिवाय जीपचा हॉर्न बदलला, तेव्हा मीच त्यांना आठ दिवस दुधाचे कॅन उचलायचा दंड करवला होता. आता मी ट्यूब गुंडाळली तर बबनराव ते कॅन माझ्या डोक्यावर देतील. तू पाइप पाठवलास तर ती देणगी होते, आणि देणगी घ्यायलाही ठराव लागतो.

तू हसशील, पण ऐक. आधीची सोसायटी बुडाली ती चेअरमननं जीप घरची समजल्यामुळं. बायामाणसांनी पहाटे उठून काढलेलं दूध एकट्याच्या घरात जिरलं. तसं पुन्हा माझ्या हातून होऊ नये एवढीच माझी धडपड आहे. पाडव्याला मुकादम गावी येतील. तोवर कार्बोरेटर धुवत राहीन, धुण्याला ठराव लागत नाही, आणि जीप हळू चालवीन. तुझ्या बहिणीला हे पटलेलं नाही. ती सध्या माझ्याशी म्हशीमार्फत बोलते.

तिकडे राखेत काम करतोस, डोळे सांभाळ. आमच्याबद्दल मनात असेल तेवढा लोभ पुरे, वाढवायला ठराव लागत नाही.

सुंदरराव

---

॥ श्री ॥

वाघदरा
दि. ५ मार्च १९८७

चि. भारत यास अनेक आशीर्वाद.

वि. वि. एक काम केलंय, ते तुझ्यापाशीच ठेव. गेल्या आठवड्यात दाजी सकाळचं दूध पोचवून आले आणि एस.टी.नं बीडला गेले होते, टँकरची फेरी वाढवून मागायला. आदल्या दिवशीच कार्बोरेटर धुऊन आणलेला होता. मी तुझं पत्र घेतलं, भिमाबाईला हाक मारली आणि जीपचं तोंड उघडलं.

ट्यूब भिमाबाईची. ती म्हणाली, की मालकाच्या सायकलीला चाकं न्हाईत पर टूब हाय, मंग ती कावून वाया घालवायची. तिनं ताणून धरली आणि मी वेढे दिले, तू लिहिलंस तसे एकावर एक अर्धे चढवून. छबुबाई वाटेवर उभी राहिली, कुणी आलं तर खोकायला. सुतळी कुजकी निघाली. म्हणून जुन्या लुगड्याचा काठ फाडला आणि त्यानं आवळून बांधलं. हात काळे झाले ते राखेनं घासले.

तेव्हापासून जीपला एकदाही खोकला नाही. घाट असा चढते की भिमाबाईच्या भाषेत लई गुणाची झाली. पण दाजींना वाटतं, हे सगळं त्यांच्या हळू चालवण्यामुळं झालं. पारावर बसून जो भेटेल त्याला समजावतात, की इंजिनलाही माणसासारखं प्रेमानं घ्यावं लागतं. मी पदर तोंडाला लावून आत जाते.

तू पाठवलेला पाइप कंडक्टरनं नेमका दाजींच्याच हातात दिला. तो त्यांनी सोसायटीच्या कपाटात ठेवून कुलूप लावलंय. ठराव होईपर्यंत त्याला उजेड दिसायचा नाही.

तुझ्यासाठी पाटोद्याची एक मुलगी बघितलीय. ट्यूब गुंडाळता येते का ते विचारून घेते. आहे तशी माया राहू दे.

तुझी,
अक्का

---

॥ श्री ॥

पाटोदा
दि. २० मार्च १९८७

चि. भारत यास आशीर्वाद.

वि. वि. हे पत्र पाटोद्याच्या पोस्टात बसून लिहितो आहे, घरी लिहिण्यासारखं नाही.

बीडहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी जीप घाट न थांबता चढली. वर गेल्यावर मी बॉनेट उघडलं. पाइपवर सायकलची ट्यूब आणि तिच्यावर लुगड्याचा काठ. ते लुगडं मीच वैजनाथाच्या जत्रेतून आणलं होतं, मी काठ ओळखणार नाही तर कोण ओळखणार? मी बॉनेट लावलं आणि दूध पोचतं केलं. अजून रोज पोचवतो आहे. एक थेंब परत आलेला नाही. हळू चालवण्याचं व्याख्यान देतो ते बबनरावांनी बॉनेट उघडू नये म्हणून. मी ते मनापासून बोलतो असं तुझ्या बहिणीला वाटतं, वाटू दे.

आता पाडव्याला सभा आहे. नवा पाइप बसवायचा तर जुना सगळ्यांसमोर काढावा लागेल आणि काठ दिसेल. नियम माझा आहे. बबनरावांना एक आणि घरच्या माणसाला दुसरा, असं मला करता येत नाही. पण तिला चार लोकांत मान खाली घालावी लागली तर ते मला सहन होणार नाही. तिच्यामुळं गावाचं दूध वाचलं. म्हणून मीच बांधलं असं सांगणार आहे. मला खोटं बोलायची सवय नाही. तू ‘अक्कानं काहीही कळवलेलं नाही’ असं सफाईनं लिहितोस, ती युक्ती उलट टपाली कळव.

घाईत आहे, कॅन उन्हात आहेत. मनात राहू द्यावं.

सुंदरराव

---

॥ श्री ॥

परळी वैजनाथ
दि. २४ मार्च १९८७

ति. दाजींस शि. सा. न. वि. वि.

युक्ती एवढीच, की खोटं थोडक्यात बोलावं. आपण नियमापासून सुरुवात करता, म्हणून भीती वाटते. आणि अक्का गप्प बसेल असं धरून चालू नका. लहानपणी मी चोरलेल्या बोरांचा मार तिनं कधी दुसऱ्याला खाऊ दिला नाही, मलाच खायला लावला.

आपल्या पायांशी जागा ठेवावी.

भारत

---

॥ श्री ॥

वाघदरा
दि. २ एप्रिल १९८७

चि. भारत यास अनेक आशीर्वाद.

वि. वि. सभा झाली. सगळं सांगते, पण तुलाही चार शब्द सुनवायचे आहेत. दाजींना सगळं ठाऊक होतं आणि तुलाही ते ठाऊक होतं, हे सभेनंतर दाजींनीच कबूल केलं. दोघांनी मिळून मला पदराआड हसत ठेवलंत.

पाडव्याला चौघे मुकादम आले. सभा सोसायटीच्या ओट्यावर होती, आम्ही बायका कॅन आणायच्या निमित्तानं कडेला उभ्या होतो. नवा पाइप घ्यायचा ठराव झाला, कपाट उघडलं, जीपचं तोंड उघडलं आणि लुगड्याचा काठ सगळ्यांनी पाहिला. दाजी उठले आणि म्हणाले, की ही गाठ मी मारली, दंड मला करा. त्यांचे कान लाल झाले होते. बबनराव म्हणाले, की चेअरमन लुगडं कधीपासून नेसायला लागले? सगळे हसले. दाजी मान खाली घालून उभे राहिले. ते काही मला बघवलं नाही. मी पुढं झाले आणि सांगितलं, की बांधलं मी, आणि पुन्हा तडकलं तर पुन्हा बांधीन. दूध नासलं असतं तर तुमचा नियम म्हशीला खायला घालायचा होता का?

मग खरी पंचाईत झाली. मुकादमांतला एक म्हणाला, की दंड सभासदालाच करता येतो आणि ह्या काही सभासद नाहीत. बबनराव हट्टाला पेटले. म्हैस यांची, धार काढतात या, तर करून घ्या सभासद, पण मी कॅन उचलले तसे यांनी उचलले पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. तेवढ्यात भिमाबाई पुढं आली, की टूब माजी हाय, मीबी वढली, माजंबी नाव लिवा. छबुबाई म्हणाली, की मी खोकायला उभी व्हते, मला कावून सोडता. मागून आणखी बायका सरसावल्या. त्यांनी कशाला हात लावला होता ते मला अजून कळलेलं नाही. आजवर दूध आमचं आणि नाव मालकांचं, असं चाललं होतं.

नावं लिहून झाली. ती सभेपुढं मोठ्यानं वाचायची असतात आणि वाचायचं काम चेअरमनचं. पहिलं नाव माझं. आपल्याकडे नवरा बायकोचं नाव घेत नाही, हे तुला ठाऊक आहे. लग्न झाल्यापासून मी ‘अगं’ आहे, नाहीतर ‘ऐकलं का’. दाजींनी कागद बबनरावांकडे सरकवला. बबनरावांनी तो परत सरकवला आणि म्हणाले, की नियम म्हणजे नियम.

दाजींनी चष्मा पुसला. एकदा माझ्याकडे बघितलं. मग शाळेत हजेरी घेतात तसं, पण फार हळू, त्यांनी वाचलं, सौ. केसरबाई सुंदरराव. भारत, हे नाव मला आईनं ठेवलं, आणि आई गेल्यापासून कुणी नीट हाकच मारली नव्हती. त्यांच्या तोंडून ते इतकं चांगलं लागलं की माझे डोळे भरून आले. मला तिथं रडायचं नव्हतं.

पुढं हात वर झाले, ठराव मंजूर झाला. दंड किती दिवसांचा झाला, ते मी ऐकलंच नाही.

ये एकदा, आणि अशीच माया असू दे.

तुझी अक्का,
केसरबाई