ढोलकी द्यायची नाय

कापडे, मार्चमधला रविवार, संध्याकाळ

हे गेल्यापासून आमची प्रज्ञा कॉलेजला गेली नव्हती. कुणाशी धड बोलतही नव्हती. आज यांची ढोलकी मागायला माझे दीर आले. वीस मार्चला चवदार तळ्यावर गाणाऱ्या आमच्या वाडीच्या मंडळाला हवी होती. मी खुंटीवरून काढणार, तेवढ्यात प्रज्ञा आतून आली.

"ढोलकी द्यायची नाय, काका. मीच वाजवीन."

मी घाबरले. तो आवाज पुन्हा ऐकणं मला झेपेल का? तरी तिच्याबरोबर तालमीला गेले. पहिल्याच गाण्यात तिचा ताल सुटला आणि तिला रडू फुटलं. दीर म्हणाले, "चुकलं तर चुकलं. थांबू नको गो."

तिने डोळे पुसले, पुन्हा वाजवायला घेतलं. शेवटी सगळे तिच्या ठेक्यावर गात होते. मीसुद्धा. कशी गायले, माझं मलाच कळलं नाही.

घरी आल्यावर पाहिलं, तिची बोटं लाल झाली होती. तेल लावू का विचारलं, तर म्हणाली, "राहू दे. दुखतायत, पण बरं वाटतंय." ती लाल बोटं अजून डोळ्यांसमोर आहेत.

जेवताना आपणहून बोलली, "आई, उद्या महाडला कॉलेजला जाते. एसटीचा पास काढायला हवा."