तरण्या किडनीची वाट

आप्पा, तुम्ही गेलात तेव्हा माझे केस काळे होते. मला अक्षर येत नाही, म्हणून मी बोलतेय आणि सून लिहितेय. मध्येच कुठं राग दिसला तर तो तिचा समजा. माझ्या लेकाच्या, तुमच्या नातवाच्या, दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा आम्ही न्हावऱ्याहून एसटीनं दौंडला जातो, तिथं मशीन त्याचं रक्त धुऊन देतं. पाणी मापून प्यायचं. भर उन्हात उसाचा ट्रॅक्टर हाकणारा गडी, आता भरल्या तांब्याकडं नुसता बघतो. मी डॉक्टरला म्हटलं, माझी काढा. "आजी, तुम्हाला शुगर, बीपी. तुमची नाही चालणार." म्हटलं, "मंग मेल्यावर चालंल का?" तो हसला. मी काही हसण्यासारखं विचारलं नव्हतं.

मग पुण्याहून फोन आला. मेंदूत रक्तस्राव होऊन एक म्हातारा गेला होता, घरच्यांनी त्याच्या किडन्या द्यायचं ठरवलं होतं. डॉक्टरनं आडपडदा ठेवला नाही. वय झालेली आहे, बीपीवाल्याची आहे, तरण्याची टिकते तितकी टिकणार नाही. पण मशीनपेक्षा बरे दिवस निघतील, काय ते लगेच सांगा. लेक म्हणाला, "मला म्हाताऱ्याची नको. तरण्याची येईल तवा बघू."

"ट्रॅक्टर सेकंडहँड घेतलास, तो चालतोय की रं."

"आई, ट्रॅक्टर पोटात घालायचा नसतो."

तो मेलेला माझ्याच वयाचा होता, आप्पा. झिजलेली, वापरलेली, असं सगळं माझ्यासमोर चाललेलं, आणि मी तिथंच लेकासाठी भाकरी बांधत बसलेली.

मला तुमची मेंढी आठवली. माझं लग्न लागलंय, आणि तुम्ही मांडवाच्या कडेला आंदणाची मेंढी धरून उभे आहात. दात पार झिजलेले. सासरची माणसं हसतायत, "बापानं गाळ दिला पोरीला!" मी रडतेय, तर तुम्ही माझ्यावरच खेकसता, "गप! हिनं दुष्काळ काढलाय. तरणी कोकणात चरायला नेताना वाटंवरच बसंल, ही न्हाई बसायची." जाताना मी तुमच्याशी बोलले नाही. त्या मेंढीनं पुढं इतकी कोकरं दिली की माझ्या सासूचं तोंड बंद झालं. जे काम देवालाही जमत नव्हतं. हे सगळं मी लेकाला सांगितलं. "मेंढराचं आन् माणसाचं एक करू नगंस," म्हणाला, आणि कूस बदलली. तुमचं ऐकून शहाणी झालेली मी एकटीच, आणि माझं ऐकायला घरात कोणी नाही.

ती किडनी दुसऱ्याला लागली. दौंडला लेकाच्या शेजारच्या खाटेवर एक बाई असायची, तिलाही त्याच दिवशी मिळाली. तीच किडनी होती का, ते दवाखान्यात सांगत नाहीत. परवा पेढे घेऊन आली. बोलता बोलता पिशवीतून बाटली काढली आणि आमच्यासमोर घटाघटा सगळं पाणी प्याली. लेकानं पेढा हातातच ठेवला.

आता आम्ही तरण्याची वाट बघतो. ती कुठून येते, हे घरात कोणी बोलत नाही. दौंडच्या रस्त्याला पोरं एका गाडीवर तिघं तिघं, डोक्याला काही नाही, उसाच्या ट्रॉल्यांना घासून सुसाट जातात. आधी मी एसटीच्या खिडकीतून ओरडायची, "हळू जा रं, आई हाय ना घरी?"

आता मी ओरडत नाही.

हा कागद कुठं धाडायचा नाही, लेकाच्या हाती लागण्याआधी चुलीत घालायचा. सुनेला म्हटलं, तेवढं ओरडण्याचं खोड. तिनं खोडलं नाही. खाली मान घालून म्हणाली, "मी तरी कुठं ओरडते, आत्या?"