छापील शेवट

प्रिय बेरिल,

ज्या नाटकापायी तू माझ्याशी बोलणं टाकलंस, ते माझं पहिलं नाटक चाळीस वर्षांनी पुन्हा इथे हल शहरात होतंय. आज तालीम पाहिली. शेवटी थोरली बहीण, जिच्यात तू स्वतःला ओळखलंस, दार ठोठावते, आणि धाकटीने ते चक्क उघडलं. मी खुर्चीतून उठलेच.

"हे कुणी बदललं?"

"बदललं कुठे?" दिग्दर्शिका इमोजेन म्हणाली. "तुमच्या पुस्तकातच आहे, मॅक्सीन."

खरंच होतं. पहिल्या प्रयोगाला विकायचं म्हणून पुस्तक तालमी चालू असतानाच छापायला जातं. शेवट मी नंतर बदलला. बंद दाराला टाळ्या जास्त पडतील असं सगळे म्हणाले, आणि मला टाळ्या हव्या होत्या. तू ते बंद दारच पाहिलंस.

"मग बंद दार ठेवायचं का?"

"छापलेल्या शेवटाला हात लावून तर बघ," मी म्हटलं.

नंतरची अकरा नाटकं गाजली, पण कुठल्याच तालमीत मी अशी खुर्चीतून उठले नव्हते. तुला तिकीट पाठवतेय. हे पत्र मात्र नाही, कारण आता खरं लिहावं लागेल: नाटक लिहिण्याआधी, त्या दिवशी तू माझं दार ठोठावलंस आणि ते उघडलं नाही, तेव्हा मी घरातच होते.

चाळीस वर्षं उशिरा दाराशी आलेली,
मॅक्सीन