शब्द तुमचा, गुडघे माझे

हिवरखेड,
शुक्रवार, सकाळ

प्रिय खुशालरावजी यांस,
भगवंतराव मास्तरांचा सप्रेम नमस्कार. तुमची साखर किती आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन उरकलं का, वहिनींची कंबर काय म्हणते, हे सगळं विचारायचं आहे. ते विचारलं असं धरा. माझी प्रकृती उत्तम (डावा गुडघा, उजवी टाच आणि पोट सोडून). फोन का केला नाही म्हणाल, तर फोनवर तुम्ही तिसऱ्या वाक्याला 'बरं, ठेवतो' म्हणता, आणि मला जे सांगायचं आहे ते तीन वाक्यांत बसत नाही. पत्र कसं, मध्येच ठेवून दिलं तरी टेबलावर पडून राहतं आणि कधीतरी पुन्हा उचलावं लागतं.

विषय तुम्हाला ठाऊक आहे. तुमची बहीण आणि माझी बायको जमुना गेली, त्याला परवा चार महिने झाले. दहाव्या दिवशी नदीवर पिंड ठेवला, आणि कावळा बाभळीवर बसून आमच्याकडे पाहत राहिला, खाली काही येईना. तिचं काहीतरी राहिलंय, कोणीतरी शब्द द्या, असं सगळे म्हणू लागले. दामिनी म्हणाली, मी बाबांकडे लक्ष देईन. श्याम म्हणाला, आई, तुझी म्हैस विकणार नाही. धुणंभांडी करणाऱ्या जाईबाईनं मांजराची जबाबदारी घेतली. कावळा ढिम्म. साडेबारा वाजले, ऊन चढलं, कावळा शिवल्याशिवाय कोणी जेवणार नव्हतं, आणि तुमची साखर उतरायला लागली होती (हा माझा अंदाज; पण छत्तीस वर्षं शाळेत काढली आहेत, मधल्या सुट्टीआधीचा चेहरा मला ओळखू येतो). तेव्हा तुम्ही पुढं झालात, हात जोडलेत आणि खणखणीत आवाजात म्हणालात, "जमुने, भगवंतराव तुयी अमरावती पायी पाहतीन. देवळं, चर्च, हाटेलं, काईच सोडणार नाईत." आणि तो कावळा सरळ खाली आला.

आता खुशालरावजी, शब्द देणारे तुम्ही आणि चालणारा मी, हा कुठला न्याय? बरं, दिलात तर दिलात, त्यात 'पायी' घालायची काय गरज होती? ऑटोची सवलत ठेवली असती तर कावळ्यानं हरकत घेतली असती असं मला वाटत नाही. आणि 'हाटेलं, काईच सोडणार नाईत' म्हणजे काय? अमरावतीतल्या तुमच्या एकट्या राजापेठेत टपऱ्या धरून किती होतील, याचा विचार तरी केलात का? गुरुजींना मी एकांतात विचारलं, की यात काही कमी-जास्त करता येईल का. ते म्हणाले, वर्षाच्या आत शब्द फिटला नाही तर जीव अडकून राहतो. माझा या गोष्टींवर विश्वास नाही, हे तुम्ही जाणता. पण जमुनाला ताटकळत ठेवायचं काम मी आयुष्यभर इतकं केलं आहे, की आणखी एकदा करायची छाती झाली नाही.

म्हणून मंगळवारी पहाटेच्या गाडीनं निघालो, अकोटला गाडी बदलली, आणि अमरावतीच्या स्टँडवर उतरून चालायला लागलो. (एप्रिलमध्ये. वऱ्हाडात. डोक्याला दुपट्टा बांधून.) सुरुवात परकोटापासून केली, कारण जमुनाचं माहेर त्या तटाच्या आतलं, अंबागेटजवळचं. फिरायचं तर शिस्तीत फिरू, म्हणून तटाला उजवीकडे ठेवून प्रदक्षिणा धरली. पण परकोट कोणाच्या शिस्तीत बसणारा नाही. मध्येच तो एखाद्या दवाखान्याच्या मागं नाहीसा होतो, मध्येच त्याच्या अंगावर कोणाचे तरी कपडे वाळत असतात. वेशी सापडल्या, खिडकी (म्हणजे तटातला छोटा दरवाजा) सापडेना. एका ऑटोवाल्याला विचारलं, खुनारी खिडकी कुठं आली. तो म्हणाला, "काका, तुमी खिडकीतच उभे हाये, जरा बाजूला व्हा, मले गाडी काढाची हाये." अंबादेवीला गेलो, एकवीरेला गेलो, दोन नारळ घेतले होते त्यातला एक तिथं फोडला. इथपर्यंत शब्दाप्रमाणं सगळं ठीक चाललं होतं.

दुसरा नारळ घेऊन मी कॅम्पातल्या जुन्या चर्चमध्ये गेलो. जमुना शाळेत जाता-येता त्याच्या कंपाउंडपाशी थांबायची, आत जायची हिंमत व्हायची नाही, एवढं मला माहीत होतं. मी पायऱ्यांवर चपला काढल्या आणि दारात सवयीनं हात वर केला, तर घंटा नाही (ती आहे, पण मनोऱ्यात, माझ्या हाताच्या बरीच वर). मग बाहेरून प्रदक्षिणा घालायला लागलो. दुसऱ्या फेरीला झाडू मारणाऱ्या बाईनं अडवलं, "काहून घिरट्या घालून राहिले, भाऊ?" मी कावळ्यापासून सगळं सांगितलं. बाई शहाणी. हसली नाही. तिनं नारळ घेऊन कोनाड्यात नीट ठेवला, मला आत नेलं आणि हातात मेणबत्ती दिली. कोणाच्या नावानं लावायची म्हणाली. मी म्हणालो, दामिनीच्या आईच्या. "तिचं सोताचं नाव असन ना काई," ती म्हणाली. मी जमुना म्हणालो. एकेचाळीस वर्षांत चारचौघांत मी ते नाव मोठ्यानं घेतलं नव्हतं (लग्नातला उखाणासुद्धा घाईघाईत पुटपुटला होता, तुम्ही तेव्हा चिडवलं होतंत). रिकाम्या चर्चमध्ये आवाज घुमतो, तो तिथं बराच वेळ राहिला. मला बाकावर बसावं लागलं. बाई तिचं झाडत राहिली.

राहता राहिली हॉटेलं. लहानपणी तुम्ही दोघं एका प्लेटीत गिला वडा खायचात, ते दुकान शोधायचं होतं. अमरावतीत तीन ठिकाणी मला सांगण्यात आलं, की तेच दुकान आमचं, आजोबांच्या काळापासूनचं. तिघंही शपथेवर सांगत होते. मी तिन्हीकडे खाल्ला. दही, त्यावर ती चटणी, डोळ्यांतून पाणी, आणि तिसऱ्या दुकानात बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं, की यातलं खरं कोणतं हे तिनं मला सांगितलेलं आहे. एकदा नाही, शंभरदा. संध्याकाळी मेथी निवडताना ती अमरावतीचं काही ना काही बोलत असायची. कोणत्या वेशीतून वरात आली, तटावरून कोण पडलं, चर्चच्या भिंतीपाशी थांबून ती आत काय पाहायची. आणि मी पेपरमागून 'हं' म्हणत असायचो. खुशालरावजी, मी दिवसभर त्या शहरातून चाललो आणि प्रत्येक ठिकाणी मला एवढंच आठवलं, की इथलं काहीतरी ती म्हणाली होती. काय म्हणाली होती ते नाही, फक्त माझं 'हं' आठवलं. मला फार वाईट वाटलं. तिसरा वडा मी अर्धा टाकला.

असो. तर शब्द फिटला. देवळं झाली, चर्च झालं, हॉटेलं पोटानं परवानगी दिली तेवढी झाली. आता गुरुजी काय म्हणतील ते म्हणोत. माझ्याकडून हे प्रकरण मिटलं आहे, आणि यापुढं अमरावतीला पायी काय, विमानानं नेलंत तरी मी येणार नाही. वहिनींना नमस्कार, साखर सांभाळा आणि परत कधी नदीवर गेलात तर आधी काहीतरी खाऊन जा.

तुमचा,
भगवंतराव

ता. क. वर तुम्हाला जे बोललो ते खोडायचं होतं, पण पान खराब होईल म्हणून इथं लिहितो. त्या दिवशी कावळा कशासाठी अडला आहे, हे मला पहिल्या मिनिटापासून ठाऊक होतं. दिवाळीनंतर ती म्हणाली होती, "आता तरी चला ना. मले दाखवाची हाये तुमाले." मी म्हणालो, पुढच्या वेळी. पुढच्याच महिन्यात ती गेली. तिला अमरावती पाहायची नव्हती, तिनं ती पाहिलेलीच होती. मला दाखवायची होती. हे लोकांसमोर बोलायची मला लाज वाटली, म्हणून मी म्हशीच्या वेळीही गप्प होतो आणि मांजराच्या वेळीही. तुमचे उपकार आहेत. तुम्ही तोंड उघडलं नसतं तर मी उघडलं नसतं.

आणखी एक. मंगळवारी संध्याकाळी मी तुमच्या फाटकापर्यंत आलो होतो. वहिनी दोरीवरचे कपडे काढत होत्या. मी परत फिरलो, कारण पाणी घ्या म्हणाल्या असत्या तर तिथंच रडू फुटलं असतं. हे पत्र आजच्याच गाडीच्या कंडक्टरकडे देतो. येत्या रविवारी पहिल्या गाडीनं येतो. तुम्ही माझ्यासोबत चाला. तुमचा भाऊबहिणीचा सगळा रस्ता दाखवा. ती कुठं रुसली, कुठं पडली, वड्याचं दुकान कोणतं, सगळं सांगा, कितीही वेळ लागला तरी चालेल. नाही म्हणू नका. फक्त माझी एक वाईट खोड आहे, ती आधीच सांगून ठेवतो. मी भरभर चालतो. लग्नाला जा, बाजाराला जा, ती कायम दहा पावलं मागं असायची, आणि मी थेट स्टँडवर पोचल्यावरच मागं वळून पाहायचो. तिनं कधी थांबा म्हटलं नाही. तुम्ही म्हणा.