बारापैकी बारा

सोमवार, २ फेब्रुवारी २०२६. दुपारी २.२०

डबा खाऊन झाला. भैय्याजी — आमच्या छापखान्याचे मालक — गल्ल्यावर डुलक्या घेत आहेत. समोर एका लग्नपत्रिकेचं प्रूफ आहे, नवरदेवाचे मामाच सतरा. ते बाजूला सारून 'रुपेरी कलश' हे सिनेमा-पुरस्कार यंदा कोणाला मिळतील, त्या अंदाजाची यादी पक्की केली. बारा विभाग, बारा नावं. आता बदल नाही.

आठ नावं नेहमीच्या पद्धतीनं काढली. सोहळा दाखवणाऱ्या चॅनेलनं कोणता सिनेमा विकत घेतला ते बघायचं. मंचावर नाचायला कोण तयार झालं ते बघायचं — नाचणारा सहसा रिकाम्या हातानं परत जात नाही. आणि जो त्या दिवशी परदेशात आहे त्याचं नाव सरळ कापायचं. यंदा सगळं 'बँडवाल्या'च्या बाजूनं आहे. (खरं नाव लांबलचक आहे. माझ्या दोस्तानं, गोलूनं, सगळ्या सिनेमांना टोपणनावं ठेवली, आता मीही तीच लिहितो.)

चार ठिकाणी मात्र पद्धत सोडली. अभिनेता, दिग्दर्शक, सहायक अभिनेत्री, गीतकार — चारही 'विहीरवाल्या'ला दिले. नागपुरात तो एकाच ठिकाणी लागला. सकाळी पावणेदहाचा एकच खेळ, तोही आठवडाभर टिकला नाही. मी दोनदा गेलो. दुसऱ्यांदा हॉलमध्ये मी आणि एक म्हातारं जोडपं. तो नट विहिरीच्या काठावर पाठमोरा उभा राहतो, बोलत नाही, नुसती मान खाली जाते. मागून आजोबांचा आवाज आला, "उतरू नको गा, बापा." पडद्याशी असं कोणी बोललेलं मी आजवर ऐकलं नव्हतं. याला द्यायचं नाही तर कोणाला?

गोलूला फोनवर यादी वाचून दाखवली. आमचं यूट्यूब चॅनेल दोघांचं आहे. लिहितो मी, बोलतो तो. कॅमेरा पाहिला की मी पाठ केलेलंही विसरतो. तो तर लग्नांत माइक धरून पोट भरतो.

"चार-चार विहीरवाल्याले? पागल झाला का बे? तुले धरून तीन लोकांनी पाहिला तो."

म्हटलं, यादी माझी, तोंड तुझं. तसंच ठरलं आहे.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

चारुशीला मॅडमचा फोन. त्या नागपुरातल्या एका पेपरच्या रविवार पुरवणीच्या संपादक. गेल्या वर्षी आमचा व्हिडिओ पाहून 'लिहिणारा कोण' म्हणून त्यांनी मला शोधून काढलं होतं. आज म्हणाल्या, "यंदाचा अंदाज कसा येतो बघू. जमलं तर मार्चपासून सिनेमावर तुमचं सदर. नावानिशी, दर रविवारी."

बारावीत दोनदा नापास झालो आहे, हे सांगून टाकलं. मागाहून कळायला नको.

"मी तुमची मार्कशीट छापणार नाहीये," म्हणाल्या.

गोलूला सांगितलं. मेघालाही. मेघा माझी धाकटी बहीण. मुंबईला हेअर ड्रेसरच्या हाताखाली काम करते. ती ओरडलीच. मग म्हणते, "दादा, आठ तारखेले मी तिथंच आहो. कलशच्या शूटिंगले."

लोकांना वाटतं सोहळा बावीस तारखेला आहे, कारण टीव्हीवर तेव्हा दिसतो. खरा होतो आठला. मग कापाकापी करून दोन आठवड्यांनी दाखवतात. तिथं असणाऱ्यांना तोंड बंद ठेवायची ताकीद असते. म्हणून माझा नियम आहे — व्हिडिओ आठच्या आधी गेला पाहिजे. नंतर टाकला तर तो अंदाज कसला?

"मेघा, मले एकही नाव सांगायचं नाही."

"अन् तोंडातून निघालं तं?"

"तं फोनच करू नको."

"बरं बावा. तुले नाही सांगत."

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

हुडकेश्वरला गोलूच्या खोलीवर रेकॉर्डिंग झालं. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्यांमुळे पुन्हा पुन्हा घ्यावं लागलं. विहिरीचा भाग त्यानं चांगला वाचला. मग म्हणाला, "लिहितं तं तू मस्त बे. कोणी ऐकत नाही, ते वेगळं."

उद्या सकाळी टाकतो म्हणाला.

शनिवार, ७ फेब्रुवारी

टाकला नाही. "नेट चालून नाही राहिलं." संध्याकाळी पुन्हा फोन केला. "टाकतो ना बे! जीव चालला का तुझा?"

रविवार, ८ फेब्रुवारी

अजून नाही. तिकडे आज शूटिंग आहे. मेघाचा मेसेज आला, उघडला नाही. गोलूचा फोन बंद.

मंगळवार, १० फेब्रुवारी

व्हिडिओ आज दुपारी आला. दोन दिवस उशिरा! छापखान्याच्या जिन्यात उभं राहून पूर्ण पाहिला.

चार नावं बदलली आहेत. माझी चारही विहीरवाली नावं गेली. आठ ठिकाणी गोलूची दाढी वाढलेली आहे आणि या चार ठिकाणी गुळगुळीत. शर्ट तेवढा आठवणीनं तोच घातला. आजोबांचं वाक्य नाही. पाठमोरा नट नाही. आणि खाली माझंच नाव — लेखन : प्रेमानंद गणवीर.

फोन केला. काहून बदललं?

"मले वाटलं."

"तू विहीरवाला पाहिला तरी का?"

"पाहून काय विहिरीत उडी मारू? जाऊ दे ना गा. लोकं बँडवाल्याले पाहून राहिले."

पण गीतकार तर बँडवाल्याचाही नाही. तो पतंगवाल्याचा आहे, ज्या सिनेमाचं नाव कोपऱ्यावरच्या पानवाल्यानंसुद्धा ऐकलेलं नाही. हे नाव कुठून काढलं?

"असंच. हवेत दगड मारला."

तीन वर्षांत त्यानं माझा एक शब्द बदलला नव्हता. फोन ठेवला. म्हणजे त्याला माझ्या यादीवर विश्वास नाही. एवढं तोंडावर सांगायला काय झालं होतं?

शनिवार, १४ फेब्रुवारी

गोलूशी बोलणं बंद आहे.

कामात लक्ष नाही. काल एका पत्रिकेत आजोबांच्या नावामागे 'कै.' तसंच राहून गेलं. जुन्या पत्रिकेतून मजकूर उचलला होता, तिच्यातले आजोबा वेगळे. आज आजोबा स्वतः आले.

भैय्याजी म्हणाले, "ध्यान कुठं आहे गा तुझं? मेलेला माणूस जिना चढून भांडाले आला ना!"

दोनशे पत्रिका पुन्हा छापल्या. आजोबा जाताना मला म्हणाले, "लग्नाले येजो. मी असतो तिथं."

रविवार, २२ फेब्रुवारी

आईसोबत सोहळा पाहिला. कागद-पेन घेऊन बसलो नाही. गरज नव्हती, सगळं पाठ होतं.

पहिली पाच माझी होती, पाचही आली. मग सहायक अभिनेत्री — गोलूची आली. दिग्दर्शक — गोलूचा. मनात म्हटलं, बँडवाल्याचा जोर आहे, येणारच होतं. मीच चुकलो.

मग गीतकार. पतंगवाला.

तो बिचारा खुर्चीतून उठेना. शेजारच्यानं ढकललं तेव्हा उठला. त्याला स्वतःला खरं वाटत नव्हतं. आणि गोलूला माहीत होतं.

त्याच वेळी आई ओरडली, "थांब, थांब, मागं घे! मेघा!" सेट-टॉप बॉक्समध्ये रेकॉर्ड होत होतं, मागं घेतलं. पडद्याच्या कडेला काळ्या कपड्यांत एक मुलगी, हातात कंगवा. डोळ्याची पापणी लवते एवढाच वेळ. आईनं चार वेळा पाहिलं. "दुबळी झाली रे पोरगी," म्हणाली आणि डोळे पुसले. "तुले खुशी नाही झाली का रे? बहीण दिसली ना तुझी."

झाली म्हटलं.

बाकीची सगळी बरोबर आली. विहीरवाल्या नटाला कॅमेऱ्यानं एकदाच दाखवलं. दुसऱ्याचं नाव पुकारलं तेव्हा तो मनापासून टाळ्या वाजवत होता.

बारापैकी बारा. फोन सारखा वाजतो आहे. अभिनंदन, गुरुजी, महाराज, पाया पडतो. बंद करून ठेवला.

सोमवार, २३ फेब्रुवारी

मेघाला फोन लावून विचारलं, नावं तूच फोडली ना? तिनं पहिल्यांदा कबूलच केलं नाही. मग म्हणाली, "मी तुले नाही सांगितलं. तुले नाही सांगणार म्हणली होती, नाही सांगितलं."

"गोलूले सांगितलं."

"हाव."

"काहून?"

तिनं सांगून टाकलं. गोलू आणि ती दोन वर्षांपासून बोलत आहेत. आईला माहीत नाही. मलाही माहीत नव्हतं. त्याच्या खोलीवर दर आठवड्याला बसतो मी! त्यानं मुद्दाम शनिवारी व्हिडिओ थांबवला. रविवारी शूटिंग संपल्यावर तिनं बसस्टॉपवरून नावं सांगितली. आधीच ठरलं होतं दोघांचं.

"तुझ्यासाठीच केलं, दादा. आठ तं तुझे दरवर्षीच येतात. आठवर कोणी सदर देते का? अन् ते चार तू दरवर्षी मनानं टाकते अन् दरवर्षी हरते."

"मॅडमनं किती पाहिजेत ते सांगितलं नव्हतं."

"मले भेव वाटलं."

"कशाचं?"

"नाही झालं तं पुन्हा खोलीत बंद होशील. बारावीच्या टायमासारखा. आईनं दाराशी ताट ठेवायचं अन् तू उचलायचं नाही. मी पाहिलं ना ते. तू नाही पाहिलं."

शत्रूनं केलं असतं तर बरं झालं असतं. या दोघांनी माझ्या भल्यासाठी केलं, कारण माझ्यानं होणार नाही याची दोघांना खात्री होती. एवढी की मला विचारायचीही गरज वाटली नाही.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

गोलू छापखान्यात आला. समोसे घेऊन.

"बोलशील का नाही?"

मी प्रूफ वाचत राहिलो.

"दीड लाख लोकांनी पाहिलं बे. तुझं नाव आहे खाली. माझं चोरलं का मी काही?"

"माझे चार काढले तू."

"तुझे चार चूक होते."

"माझे होते."

समोशाचा कागद टेबलावर ठेवून तो निघाला. दारातून म्हणाला, "आता मॅडमले जाऊन सांगशील तं सांग. पण एक लक्षात ठेवजो, माझं काही जात नाही. मेघाले मुंबईत कोणी कंगवा धरू देणार नाही."

समोसे भैय्याजींनी खाल्ले.

शनिवार, २८ फेब्रुवारी

मॅडमनी बोलावलं होतं. जाताना ठरवून गेलो — आठ माझी, चार माझी नाहीत, एवढंच सांगायचं. कोणाचं नाव घ्यायचं नाही. सदर गेलं तर गेलं. बसमध्ये वाक्य पाठ केलं.

त्यांनी चहा मागवला. मग दार लावून घेतलं.

"एक विचारते, राग मानू नका. चित्रीकरण आठलाच झालं होतं, हे आम्हा पेपरवाल्यांना माहीत असतं. तुमचा व्हिडिओ दहाला आला. आणि बारापैकी बारा! सोहळा दाखवणारा चॅनेलवालाही विचारतोय की आतलं कोणी बोललं का. यादी केली कधी तुम्ही?"

आतलं कोणी. त्या शब्दावर माझं पाठ केलेलं वाक्य गेलं. कंगवा घेऊन उभी असलेली मेघा डोळ्यांपुढे आली. चार माझी नाहीत म्हटलं, की पुढचा प्रश्न एकच — मग कोणाची?

म्हटलं, "दोन तारखेला. सोमवारी. दुपारी."

खोटं बोललो नाही. यादी दोन तारखेलाच केली होती. त्यांनी 'हीच यादी का' असं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

त्या खुश झाल्या. "मग प्रश्नच मिटला. पहिलं सदर आठ मार्चला." मग कॅलेंडर ओढलं. "दुसऱ्या चॅनेलचा सोहळा एकोणतीसला दाखवणार आहेत. त्याची पूर्ण यादी मला बावीसच्या अंकात हवी. आता वाचक तुमच्याकडून बारापैकी बाराच मागणार, गणवीर!"

हसून म्हणाल्या. पण थट्टा नव्हती.

विहीरवाल्यावर पहिलं सदर लिहू का, विचारलं. "तो हरला ना?" म्हणाल्या. "जिंकलेल्यांवर लिहा."

रविवार, ८ मार्च

छापून आलं. बँडवाल्यावर. आईनं अंक देव्हाऱ्यात ठेवावा तसा बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवला. मी दोनदा वाचलं. एकही चूक नाही. एकही वाक्य माझं वाटलं नाही.

नव्या सोहळ्याची नामांकनं काढून बसलो. पद्धतीनं आठ निघाली. चार अडली आहेत. मनात एक नाव आहे, पण ते मनातलं आहे.

बुधवार, ११ मार्च

मेघाला फोन केला. विचारलं, नव्या सोहळ्याचं शूटिंग चौदाला आहे, तिथं तू आहेस ना? म्हणाली, "हाव, दादा."

या वेळी गोलूला नाही, मला सांगायचं. आणि फुकट नाही.

दिले — मेघाला, रु. २,०००.
देणे — रु. ३,०००. बारा नावं हाती आल्यावर.