कैद्याच्या आईची सही

ता. १२ जानेवारी २०२५

प्रिय ग्लिनिसबाय,

तू परत तेच लिहिलंस. पैसे का पाठवीत नाही, पैसे का पाठवीत नाही. अगो, जेल आसा हां, नोकरी नाय! मी बोटीवर आहे आणि कंपनीने पगार अडकवलाय, असं मांयला सांग म्हणून मीच म्हटलं होतं, कबूल. पण तूसुद्धा तेच खरं धरून बसलीस काय?

परदेशी कैद्याला इथली कमाई घरी पाठवता येते काय, हे विचारायला मी चार अर्ज टाकले. पहिल्यांदा नाही म्हणाले. पुढचे दोन हरवले. चौथ्या वेळी एक बाई आली, ती म्हणाली येते, पण आईबाप, बायको नायतर पोरं, यांनाच. बहिणीला नाही. सोबतच्या कागदावर मांयची सही हवी, साक्षीदारासमोर. त्यात माझ्या नावाआधी कैदी लिहिलंय. इंग्रजीत आहे, तिला कळायचं नाही. कंपनीचा कागद म्हणून सांग. काजूच्या फॅक्टरीत तिची बोटं चिकाने सोलली हे वाचल्यापासून इथे चादरींच्या घड्या घालताना माझे हात चालत नाहीत. कंटाळलोय गो.

शिव्या घाल, पण लिहायचं सोडू नको.

तुझा
रोनी

ता. २० फेब्रुवारी २०२५

चि. रोनीस अनेक आशीर्वाद.

सही झाली, पण तुझी हुशारी फुकट गेली. साक्षीला शेजारचे गंगाराम आबा बोलावले. त्यांचा जन्म पोस्टात गेला. अंगठा लावणाऱ्या बायकांना कागद मराठीत वाचून दाखवल्याशिवाय साक्ष घालायची नाही, ही त्यांची सवय. माझ्या ध्यानातच राहिलं नाही. मी चहा टाकायला आत गेले आणि त्यांनी सुरू केलं, मी सेवरीना, कैदी रोनी याची आई. पुढे आबांनाच वाचवेना.

मांय रडली नाही. किती वर्षं, एवढंच विचारलं. चार, त्यातलं दीड सरलं, असं मी सांगितलं. मग म्हणाली, त्या कंपनीला मी रोज शिव्या घातल्या, त्या आता खंय परत घेऊ? आबांना हसू आलं. तिला नाही.

सही केली, पण अट घातली. पैशांबरोबर तुझ्या हातचं पत्र हवं, काय केलंस ते लिहिलेलं. नाहीतर ती पैशाला हात लावणार नाही. दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही. तुझ्यापायी मी खोटारडी ठरले, बाबा.

जेवत जा. लोभ आटू देऊ नकोस.

ग्लिनिस

ता. ६ एप्रिल २०२५

ती. मांय,

रोनी तुझ्या पाया पडतो.

आठवीत शाळा सोडली तेव्हापासून एवढं मोठं लिहिलेलं नाही. चूकभूल माफ कर.

बोटीवर माझ्यासोबत दीपेश म्हणून होता. त्याची बॅग मी बंदरात उतरवली. बाहेर कोणाला तरी द्यायची होती. दारातच पकडलं, आत नशेचा माल निघाला. आत काय ते मला माहीत नव्हतं, असं मी कोर्टात म्हटलं, बायला पण तेच सांगितलं. माहीत नव्हतं हे खरं. पण मी विचारलंच नाही, मांय. विचारलं असतं तर नाही म्हणावं लागलं असतं, आणि उतरवायचे दोन महिन्यांच्या पगाराएवढे मिळणार होते. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

बायवर रागावू नको. खोटं माझं होतं, तिने नुसतं वाहिलं.

इथे भात मिळतो, चिकट असतो. काम लाँड्रीत. कमाईतला अर्धाच भाग बाहेर पाठवू देतात. फॅक्टरीत जायचं बंद कर म्हणून लिहिणार होतो, पण एवढ्यात ते होणार नाही, म्हणून लिहीत नाही. हातमोजे तरी घे.

बेसांव दी, तुझा आशीर्वाद हवाय, असलो तसलो तुझोच आसंय.

रोनी

ता. क. बँकेचं कापून पाच महिन्यांचे पाठवतोय, रुपये सहा हजार चारशे.